'जाते' म्हणणाऱ्या काकू

काकूंची नक्कल मी फार छान करायचे. ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी म्हणायचंच, ए, तुझ्या त्या काकू कर ना. मग मी ओढणी पदरासारखी खांद्याभोवती घट्ट लपेटायचे, डावा खांदा जरा पुढे काढायचे, हातात छत्री असल्यासारखी दारापर्यंत जायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "जाते." बस, एवढंच. पोरी हसून हसून लोळायच्या. मीही हसायचे. आता ते आठवलं की कान गरम होतात.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. मी चांदवडची, नाशकात नवीन नोकरीला लागलेली. मखमलाबाद रोडला त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या, वर एका खोलीत मी. यजमान बँकेत होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नव्हतं. काकूंनी स्वतः आख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. ट्रंक कॉलच्या काळातल्या ऑपरेटर; तेव्हा कॉल तीन-तीन मिनिटांचा असायचा. लोकांची बोलणी मध्येच तोडायची त्यांना इतकी सवय होती की पाहुणे रेंगाळले की त्या खरोखरच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." पाहुण्यांना वाटायचं, म्हातारी गंमत करतेय. गंमत बिंमत काही नसायची.

पण त्याहून वाईट ते 'जाते'. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. शत्रूच्या घरातून उठतानासुद्धा तोंडातून 'येते हं' असंच बाहेर पडतं. काकू मात्र सत्यनारायणाला जातील, प्रसाद घेतील, उठतील आणि भरल्या घरात म्हणतील, "जाते." बायकांचे चेहरे उतरायचे. असं नाही म्हणू काकू, येते म्हणा, असं कुणी प्रेमाने सांगितलं तर म्हणायच्या, "पण मी येणार नाहीये. पुढच्या वर्षी बोलावलंत तर बघू." त्यांच्याबरोबर गेलेली मी चपला शोधण्याच्या निमित्ताने जी बाहेर पळायचे ती गल्लीच्या तोंडाशीच थांबायचे.

एकदा शेजारच्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही हॉस्पिटलात भेटायला गेलो. काकूंनी घरून मऊ भात नेला होता, स्वतः भरवलासुद्धा. सगळं छान चाललं होतं. निघताना त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाते मी." त्या काकांच्या बायकोने डोळ्याला पदरच लावला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. रिक्षात मी विचारलंच, की काकू, निदान आजारी माणसापाशी तरी 'येते' म्हणायला काय जातं? त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, येते म्हटलं की यावं लागतं.

दुसऱ्याचं 'येतो'ही त्या तसं सुखासुखी सोडत नसत. नळवाला म्हणाला, येतो बाई, की काकू लगेच, "कधी?" तो म्हणायचा उद्या. उद्या कधी? सकाळी. सकाळी कधी? आमच्या भागातले नळवाले त्यांच्या घरी यायचंच टाळायचे. माझी आई पहिल्यांदा चांदवडहून मला भेटायला आली, काकूंसाठी घरचं तिखट आणि शेवया घेऊन. निघताना म्हणाली, "येते हं ताई." काकू म्हणाल्या, "कधी?" आईला वाटलं, ही बाई आपल्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवतेय. स्टँडवर बस सुटताना ती खिडकीतून म्हणाली, दुसरी खोली बघ.

रविवारच्या चालण्यात मी अडकले तीही अशीच. काकू दर रविवारी सकाळी पाटाच्या कडेने चालायला जायच्या. धरणातून निघालेला तो पाट मखमलाबादच्या द्राक्षबागांमधून जातो, आणि त्याच्या भरावावर दोन्ही बाजूंनी मातीची वाट आहे. येशील का माझ्याबरोबर, असं त्यांनी विचारलं. मी आपली भिडेने म्हणाले, येते ना कधीतरी. पुढचा शब्द तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी तो विचारला, आणि मी रविवार कबूल करून बसले.

साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हातात पुरुषी काळी छत्री. ऊन असो नसो, ती उघडलेलीच. मला त्यांच्याबरोबर दिसायची इतकी लाज वाटायची की वस्ती संपेपर्यंत मी चार पावलं मागे राहायचे, जणू माझा माझा व्यायाम चाललाय. पण एकदा घरं मागे पडली की ती वाट जीव लावायची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बागा. छाटणी झालेल्या वेलींचे काटक्यांसारखे हात, औषध मारणाऱ्या ट्रॅक्टरचा वास, पाण्यावर वाकलेल्या सुबाभळी, आणि त्यांच्यावर खंड्या बसलेला. पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका काकूंना ओळखायच्या, हात वर करायच्या. काकूही छत्री जराशी वर करायच्या. बोलणं नाही. मला बोलायची सवय, त्यामुळे पहिले काही रविवार माझा जीव कासावीस झाला. नंतर मलाही गप्प चालणं जमायला लागलं, आवडायलाही लागलं. हे मात्र मी ऑफिसात कधी सांगितलं नाही. तिथे नकलाच.

चालणं नेहमी एकाच जागी संपायचं. पुढे बागांना पाणी नेणारी एक चारी फुटते, तिच्या तोंडाशी पाणी सोडायचं लोखंडी दार आहे, चक्र गंजलेलं. तिथे काकू छत्री मिटायच्या, पदराने तोंड पुसायच्या, एक क्षण पाण्यापलीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चल, इथून मागे." पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक पत्र्याचं घर, पुढे ओटा, बाजूला पेरूची दोन झाडं. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील, सांगत नसतील. एकदा मी म्हटलं, काकू, पुढे पूल आहे म्हणे, तिथवर जाऊ या. त्या माझ्यावर अशा खेकसल्या की मी पुन्हा विषय काढला नाही.

पेरूंचंही तसंच. वाटेवर एक बाई पाटी घेऊन बसायची. मी एकदा दोन पेरू घेतले, तिखटमीठ लावून एक काकूंपुढे धरला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही, सरळ पुढे चालत्या झाल्या. मी मागून पेरू खात खात, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, काय बाई नखरे! तेही आता आठवतं.

मग काकूंचा पाय मुरगळला. बाथरूममध्ये घसरल्या, घोटा सुजला. रविवार आला. त्या कॉटवर पाय लांब करून बसलेल्या, मला म्हणाल्या, तू जाऊन ये. मला झोपायचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गेले. पाटाला त्या दिवसांत पाणी नव्हतं. तळाशी डबकी, चिखलाचे पोपडे, आणि पोरांनी मध्येच स्टंप रोवून क्रिकेट मांडलेलं. मी चारीच्या दारापाशी गेले, सवयीने थांबले आणि मागे वळले. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"ए पोरी! छत्रीवाली कुठंय?"

पत्र्याच्या घरापुढे एक म्हातारी ओट्यावरून उतरून भरावाच्या कडेला आली होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, काकूंपेक्षा चांगली सात-आठ वर्षांनी मोठी. मी ओरडून सांगितलं, की पाय मुरगळलाय, घरी आहेत. ती म्हणाली, बरी हाय ना पण? मी म्हटलं, हो, बऱ्या आहेत. मग ती तिथेच उभी राहिली, मीही उभी राहिले. शेवटी ती म्हणाली, "ये इकडं. च्या टाकलेला हाय." मी कोरड्या पाटात उतरले, पोरांच्या स्टंपांना वळसा घालून पलीकडे चढले.

ओट्यावर दोन कप होते. दोन्ही भरलेले. मी म्हटलं, कुणी येणार होतं का? तर म्हातारी म्हणाली, "रईवारी छत्री दिसली का मी च्या टाकते. दोन कप. छत्री दारापाशी मिटती, मंग मागं फिरती. मंग मीच पिते दोन्ही. आज छत्री नाय दिसली, तरी टाकला."

ती काकूंची थोरली बहीण होती, त्यांची आक्का.

आई गेल्यावर तिनेच काकूंना येवल्याकडून इथे आणलं, या घरात ठेवून शिकवलं. काकू याच पाटाच्या कडेने रोज चालत नाशकात शाळेला जायच्या, परत यायच्या. पाऊस असला की मेव्हण्यांची काळी छत्री घेऊन. मॅट्रिक झाल्या, एक्स्चेंजमध्ये लागल्या, गावात मैत्रिणीबरोबर खोली घेतली. पहिल्या पहिल्या महिन्यांतलीच गोष्ट. आक्का फडक्यात पेरू बांधून, पाटाच्या वाटेने चालत, धुळीच्या पायांनी एक्स्चेंजच्या दारात गेली. जेवणाची सुट्टी होती. नव्या साड्यांतल्या मुली व्हरांड्यात डबे खात बसलेल्या, त्यांच्यात काकू. आक्काने हाक मारली, "चिमे!" एका मुलीने विचारलं, कोण गं या? काकू म्हणाल्या, पेरूवाल्या आहेत, आमच्या गावाकडच्या.

मला वाटलं, पुढे ती म्हणेल, मी रडले, भांडले. तसं काही नाही. मुलींनी विचारलं, कसे दिले? आक्काने एकदा बहिणीकडे बघितलं. बहीण डब्यात बघत होती. मग आक्का तिथेच पायरीवर बसली, फडकं सोडलं आणि भाव सांगितला. मुलींनी निवडून निवडून घेतले, एकीने घासाघीसही केली. सगळे पेरू विकले गेले. तिने फडकं झटकलं, घडी केली आणि उठली. तेव्हा काकू धावत दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "आक्का, मी रविवारी येते."

"मी काय म्हनले ठावंय का?" म्हातारी मला म्हणाली. "म्हनले, जाते. तेवढंच आलं तोंडात. पुन्हा नाय ती आली."

ओट्यावर बसून मला माझं ऑफिस दिसायला लागलं, ओढणी लपेटलेली मी, हसणाऱ्या पोरी. त्या एका शब्दाला मी किती टाळ्या मिळवल्या होत्या.

मी विचारलं, मावशी, मग तुम्ही तरी कधी हाक का नाही मारली? एवढ्याशा पाटापलीकडून तर त्या दिसायच्या. चिमीची चाल ती पहिल्याच रविवारी ओळखून होती, डावा खांदा पुढे काढायची लहानपणापासूनची खोड. हाक ओठावर यायची.

"कशी मारू?" ती म्हणाली. "मी पेरूवाली."

निघताना माझ्या तोंडून सवयीने गेलं, "येते मावशी," आणि मीच दचकले. ती हसली. म्हणाली, तू म्हन बाई, तू येशील.

घरी आले तर काकू दाराकडे तोंड करून बसलेल्या. कुठवर गेलीस? मी म्हटलं, चारीच्या दारापर्यंत. पुढे? मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, पलीकडे गेले होते, चहा प्यायले. काकूंनी पायावरची चादर ओढून घेतली, उगीचच. मग त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी चहाचं सांगितलं, दोन कपांचं. पेरूंचं मी ऐकलंय हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, पण त्यांना ते माझ्या तोंडावरून कळलं असणार. त्यांची मान जी खाली गेली ती मला बघवेना. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली. मी काहीतरी काम काढून वर निघून गेले. माझ्यासमोर त्यांना अजून लाज वाटू नये, म्हणून.

पाय बरा झाला. रविवार आला, काकू चालायला निघाल्या नाहीत. पुढचाही गेला. बूट दाराशी तसेच. मी हळूहळू सगळं जुळवत होते. यजमान रिटायर झाल्यावर घर याच बाजूला हवं, हा हट्ट काकूंचा. छत्री बारा महिने उघडी कशासाठी, तर पलीकडून दिसावी म्हणून. आणि 'येते' त्यांनी आयुष्यात शेवटचं कुणाला म्हटलं होतं, तेही मला आता ठाऊक होतं. एवढं सगळं करून ही बाई गंजक्या दारापाशी थांबायची. आणि पलीकडची तर ऐंशीच्या घरातली. मला रागच आला. शनिवारी रात्री मी खाली गेले. काकू भाकरी करत होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, कधी?"

त्यांनी तवा उतरवला, वर बघितलं नाही.

सकाळी दारात बुटांची नाडी बांधत बसलेल्या दिसल्या.

मधल्या दिवसांत पाटाला पाणी सुटलं होतं. काठोकाठ, गढूळ, वेगाने चाललेलं. चारीच्या दारापाशी आलो, काकूंनी छत्री मिटली नाही. पलीकडे आक्का ओट्यावरून उठली, भरावावर आली. दोघींच्या मध्ये पाटाची रुंदी आणि ते पाणी. उतरून जायची सोय नव्हती, आता पुलाशिवाय गत्यंतर नव्हतं. काकू चालायला लागल्या. पलीकडून आक्काही चालायला लागली, काठी टेकत. दोघी एकाच दिशेने, एकमेकींकडे अजिबात न बघता. आक्का मागे पडली की काकूंची पावलं आपोआप मंद व्हायची. मी चार पावलं मागून चालत होते, आणि या वेळी ते लाजेने नव्हतं. किती वेळ चाललो कुणास ठाऊक. धुण्याच्या पायरीवरच्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

पूल म्हणजे कठडे नसलेला एक सिमेंटचा स्लॅब. त्याच्या मधोमध दोघी समोरासमोर आल्या आणि थांबल्या. काकूंचा चेहरा लाल झाला होता. आक्का म्हणाली, "लय वाळलीस." काकू छत्री मिटायला गेल्या तर ती मिटेना. मी पुढे होऊन मिटली.

तेवढ्यात दुधाच्या किटल्या लटकवलेली एक मोटारसायकल पुलावर आली. दूधवाला ओळखीचा असावा, पाय टेकून म्हणाला, काय आजी, पाव्हण्या कोन?

आक्काने नुसतं काकूंकडे बघितलं. मला वाटतं, व्हरांड्यात बघितलं असेल तसंच. काकूंनी मान वर केली.

"मी बहीण हिची," त्या म्हणाल्या. "धाकटी. हिने शिकवलं मला."

बिचाऱ्या दूधवाल्याने एवढं काही विचारलं नव्हतं. तो बरं बरं म्हणून निघून गेला. काकूंना मात्र थांबता येईना. ओट्यावर पोचेपर्यंत त्यांनी पाणी भरायला आलेल्या बाईला सांगितलं, बागेत काम करणाऱ्या दोन माणसांना सांगितलं, एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला थांबवून सांगितलं. तिसऱ्या वेळेला आक्का म्हणाली, पुरे कर गं, समद्यांना कळलं आता. तरी चौथ्याला सांगितलंच.

चहा झाला. आक्काने पेरू चिरले, मीठ लावलं, ताटली काकूंपुढे सरकवली. काकूंनी एक फोड उचलली आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. मग खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. दोघीही फार काही बोलल्या नाहीत. मेव्हणे कधी गेले, यजमान कधी गेले, गुडघा कुणाचा जास्त दुखतो, एवढंच. माफीचा शब्द निघाला नाही. मला वाटतं, दोघींनाही त्याची लाज वाटली असती.

ऊन चढायला लागलं. काकूंनी बूट घातले, नाड्या बांधल्या, छत्री उचलली आणि ओट्याच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते. त्यांच्या तोंडून 'जाते' निघालं तर काय करायचं, हीच मला भीती. त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा आक्काकडे.

"येते," काकू म्हणाल्या.

आक्का ताटल्या गोळा करत होती. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "कव्हा?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग छत्री भिंतीला टेकवली, पायरीवर बसल्या आणि बुटाची नाडी सोडायला लागल्या.